लसीनंतरच्या अर्ध्या तासात आईलाही विचारा

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका



आपल्या दोन्ही शहरांतल्या आरोग्य केंद्रांत ठरलेल्या दिवशी लसीकरण सत्र भरते. दीड महिन्याचा, अडीच महिन्यांचा, साडेतीन महिन्यांचा डोस द्यायला आया बाळांना घेऊन येतात. बाळाचे वजन होते, कार्डावर नोंद होते, तोंडात पोलिओचे थेंब पडतात, मांडीत पेंटाव्हॅलंटची सुई टोचली जाते आणि सिस्टर सांगतात, ‘अर्धा तास बसा, मग जा.’ लसीची रिअ‍ॅक्शन आलीच तर ती तिथेच लक्षात यावी, यासाठी हा अर्धा तास असतो. तेवढा वेळ ती बाई रडणाऱ्या बाळाला थोपटत बाकावर बसून राहते आणि तिला स्वतःबद्दल कोणी काही विचारत नाही. माझी मागणी या अर्ध्या तासाची आहे. बाळाच्या या तिन्ही भेटींत आईच्या मनातल्या भीतीची आणि उदासीची ठरावीक प्रश्नांनी चौकशी व्हावी, आणि जिला मदत लागेल तिला ती कुठे व कोणाकडून मिळणार हे आधीच ठरलेले असावे.

बाळंतपणानंतरच्या मानसिक त्रासाबद्दल बोलताना आता नैराश्याचा उल्लेख होऊ लागला आहे, आणि तो व्हायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून आपल्याकडे प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. चिंतेच्या विकाराकडे मात्र अजून फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्याच वर्षी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त ३४ देशांतल्या १०२ अभ्यासांचा आढावा आला. बाळंतपणानंतरच्या पहिल्या २४ आठवड्यांत १५ टक्के स्त्रियांत चिंतेची ठळक लक्षणे आणि जवळपास १० टक्के स्त्रियांत निदान करता येईल असा चिंतेचा विकार आढळतो, असे त्यात दिसले. म्हणजे हजार बाळंतिणींमागे सुमारे शंभर जणी. या शंभर जणी सहसा रडत बसलेल्या नसतात, उलट घरादाराला त्या फार दक्ष वाटतात. रात्री दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना हे पाहणारी, वाटी-चमचा पुन्हा पुन्हा उकळणारी, हाताची कातडी फाटेपर्यंत हात धुणारी बाई नातेवाइकांना ‘किती जपते बाळाला’ अशीच दिसते. तिचे कौतुक होते आणि आजार त्या कौतुकाखाली वाढत राहतो.

या भीतीला प्रत्येक घरात वेगळा आकार मिळतो. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणारी बाई बाल्कनीचे दार कायमचे लावून घेते, कारण दार उघडे दिसले की बाळ आपल्या हातून खाली पडेल असे चित्र तिच्या डोळ्यांसमोर येते. डोंबिवलीत राहणारी दुसरी बाई बाळाला घेऊन स्टेशनवर जाणेच बंद करते, कारण फास्ट लोकल धडधडत आली की काळजात धस्स होते. कोणी लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, कोणी बाळाला आंघोळ घालत नाही, कोणी घरातल्या विळ्या-सुऱ्या माळ्यावर टाकते. यातली शेवटची गोष्ट कोणापुढे बोलणे सर्वांत अवघड. आपल्याच हातून बाळाला इजा होईल असा विचार मनात येऊन गेला, हे कोणती आई कबूल करील? पण कॅनडात निकोल फेअरब्रदर आणि शीला वूडी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाळाला अपघाताने काही होईल असे नको असलेले विचार जवळजवळ प्रत्येकच आईला येऊन गेल्याचे आढळले. आपणच त्याला इजा करू असे विचारही जवळपास निम्म्या आयांना आले होते. फेअरब्रदर यांच्याच गटाच्या २०२२ च्या अभ्यासात अशा विचारांमुळे बाळाला प्रत्यक्ष मारहाण होण्याचा धोका वाढल्याचे दिसले नाही. ज्या विचाराने बाई हादरून जाते, तो तिच्या इच्छेच्या विरुद्ध आलेला असतो आणि म्हणूनच ती हादरते. प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार, ज्यात भास होतात, वास्तवाचे भान सुटते आणि विचार खरे वाटू लागतात, तो वेगळा. तो हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, आणि त्यात त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते. या दोन अवस्थांतला फरक ओळखू शकणारे प्रशिक्षित माणूस केंद्रावर असणे, हे माझ्या मागणीचे मुख्य कारण आहे. फरक न कळणारा माणूस एकीला उगाच घाबरवून सोडतो आणि दुसरीला ‘होईल बरं’ म्हणून घरी पाठवतो.

भयगंड घट्ट कसा होतो हेही इथे सांगायला हवे, कारण घरातल्यांचे प्रेमच अनेकदा त्याला खतपाणी घालते. सुरी माळ्यावर गेली की बाईचा जीव हलका होतो. त्या हलकेपणातून तिचे मन शिकते की धोका खराच होता आणि सुरी दूर केली म्हणून तो टळला. पुढच्या आठवड्यात कात्री जाते, मग ती स्वयंपाकघरात बाळाला घेऊन जाणे सोडते. तिची घालमेल पाहून सासू म्हणते, ‘तू राहू दे, आंघोळ मी घालते.’ दमलेल्या सुनेला विश्रांती म्हणून हे वाक्य अमृतासारखे आहे. पण ती घाबरते म्हणून महिनाभर बाळ तिच्या हातातून काढून घेतले गेले, तर आपण बाळ सांभाळायच्या लायकीच्या नाही ही तिची समजूत पक्की होते. उपचार याच्या उलट्या दिशेने, पण पायरीपायरीने जातात. स्टेशनला घाबरणाऱ्या बाईने समुपदेशकाच्या आखणीनुसार दुपारच्या निवांत वेळी, नवऱ्याला सोबत घेऊन, स्टेशनच्या पुलाच्या जिन्यापाशी भिंतीला टेकून बाळासह पाच मिनिटे उभे राहायचे. गाडी येते, छाती धडधडते, गाडी निघून जाते आणि काही वेळाने धडधड आपोआप उतरते. ती उतरते हा अनुभव शरीराने पुन्हा पुन्हा घेतला, की भीतीची पकड सुटत जाते. बाळाला कुठेही धोक्यात घातले जात नाही. त्रास तीव्र असेल तर औषधेही आहेत. सर्ट्रालिनसारखे औषध आईच्या दुधात फारच थोड्या प्रमाणात उतरते. तेव्हा ‘अंगावर पाजतेस ना, मग गोळ्या नकोत’ हा सरसकट सल्ला चुकीचा आहे. तो निर्णय मनोविकारतज्ज्ञाने आईशी बोलून घ्यायचा असतो.

आता हे सगळे दीड महिन्याच्या डोसालाच का जोडायचे, ते सांगतो. आपल्याकडे अजूनही पुष्कळ मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात. साताऱ्यात, जळगावात किंवा रत्नागिरीत सव्वा महिना आई, मावशी, मालिश करणारी बाई, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असे सगळे भोवती असते. त्यानंतर मुलगी बाळाला घेऊन कल्याण-डोंबिवलीच्या वन-बीएचकेत परतते. नवरा सकाळी सातच्या लोकलला निघतो आणि रात्री नऊला घरी येतो. नोकरी असेल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर मिळालेली २६ आठवड्यांची रजा हाताशी असते, म्हणजे पुढचे चार महिने दिवसभर ती आणि बाळ, एवढेच घरात. आधार सुटण्याची वेळ आणि पहिल्या मोठ्या डोसाची वेळ अशी एकाच आठवड्यात येते. सरकारी व्यवस्थेची आईशी असलेली गाठही तिथेच सुटते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडलेल्या घरोघरच्या नवजात बालसेवेवरून २०११ साली देशाची योजना आली. तिच्यानुसार रुग्णालयातल्या प्रसूतीनंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांच्या तक्त्यात आई दिवसात किती वेळा पोटभर जेवते, रक्तस्राव किती, ताप आहे का, असे विचारलेले आहे. आई असंबद्ध बोलते का, तिला झटके येतात का, हेही आहे. म्हणजे वेडाच्या टोकाला गेलेली बाई त्या तक्त्यात सापडते, पण जिला झोप लागत नाही, जी भीतीने दार लावून बसते, तिच्यासाठी रकाना नाही. शिवाय आशाताई मुख्यतः वस्त्यांत जातात, सोसायटीच्या गेटच्या आतल्या चौथ्या मजल्यावर त्या सहसा पोहोचत नाहीत. तिथली बाईही बाळाच्या डोसाला मात्र कुठे तरी जातेच, तुमच्या केंद्रात किंवा खासगी बालरोगतज्ज्ञाकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या प्रसूतिपश्चात सेवेच्या शिफारशींत नैराश्य आणि चिंता या दोन्हींची प्रमाणित प्रश्नावलीने चाचणी करावी असे म्हटले आहे, आणि मदतीची सोय तिच्या जोडीला असावी अशी अटही घातली आहे.

प्रश्नावली नव्याने शोधायची गरज नाही. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तयार केलेली एडिंबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे, मागच्या सात दिवसांबद्दल विचारते आणि पाचेक मिनिटांत होते. तिच्यातले तिसरा, चौथा आणि पाचवा हे प्रश्न विनाकारण स्वतःला दोष देणे, काळजी आणि घबराट यांविषयी आहेत. भीतीचा आजार नेमका तिथे पकडता येतो. शेजारच्या गोव्यात ही प्रश्नावली कोकणीत वापरली गेली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या तिथल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही कारणे होतीच, पण मुलगी झाली की धोका आणखी वाढत होता. कल्याण-ठाण्यात हे काही वेगळे असेल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येईल: आमच्या वेळी असले काही नव्हते, पाच-पाच बाळंतपणे झाली, कोणी घाबरले नाही. मी हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे. पूर्वीच्या बाईला सव्वा महिना कोणी एकटे सोडत नसे, आणि त्यानंतरही वाड्यात-चाळीत हाकेच्या अंतरावर माणसे असत. भीती मात्र तेव्हाही होती. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई पुजणे, बाळंतिणीच्या उशाशी कोयता ठेवणे, दिवा विझू न देणे, दृष्ट काढणे, हे सगळे त्या भीतीभोवतीच उभे आहे. तिला तेव्हा बाहेरची बाधा म्हणत, आणि दोष बाधेचा असल्याने बाईवर तो थोडा कमी येई. फ्लॅटमध्ये ना ते जाग्रण उरले ना ती माणसे, आणि दोष सगळा बाईच्या माथी आला. जुन्या बायका कणखर होत्या हे मान्य करूनही, त्यांतल्या किती जणींनी रात्री कशा काढल्या हे आपण त्यांना कधी विचारले नाही, एवढे तरी मान्य करावे.

दुसरा आक्षेप आपल्या कार्यालयातून येईल आणि तो अधिक वजनदार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. जिथे खाटा, डॉक्टर आणि परिचारिका पुरत नाहीत तिथे मनाची चौकशी ही चैन नव्हे का, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की मी मागतो आहे ते काम खाटेचे नाही आणि बहुतांशी डॉक्टरचेही नाही. रावळपिंडीच्या होली फॅमिली रुग्णालयात चिंतेची लक्षणे असलेल्या गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. मानसशास्त्राची पदवी असलेल्या, पण रुग्ण तपासण्याचा अनुभव नसलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून समुपदेशनाची सत्रे घेतली गेली. बाळंतपणानंतर त्या गटात मध्यम ते तीव्र चिंता ९ टक्के स्त्रियांत उरली होती. नेहमीची सेवा घेतलेल्या गटात हेच प्रमाण २७ टक्के होते. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांना बाळंतपणानंतरही आधार दिला. त्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले आणि परिणाम माफक होता, तो फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पण ज्या परिसरात दरवर्षी महाविद्यालयांतून मानसशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात, जिथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे आणि १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्या ठाण्याने माणसे नाहीत असे म्हणू नये. मनोरुग्णालयाचा उल्लेख करताना एक सांगतो: नुसती चिठ्ठी देऊन आईला तिकडे धाडू नका. ‘ठाण्याला पाठवू का’ हे वाक्य चिडवण्यासाठी वापरणाऱ्या घरातून ती तिथे जाणार नाही. समुपदेशक लसीकरणाच्याच इमारतीत बसायला हवा आणि मनोविकारतज्ज्ञाने महिन्यातले ठरलेले दिवस शास्त्रीनगर, रुक्मिणीबाई आणि कळव्याच्या रुग्णालयांत यायला हवे.

तिसऱ्या आक्षेपाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. एकदा कागदावर नोंद झाली, की तोच कागद सासरच्यांच्या हाती हत्यार होईल. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे आणि बायकांना ते चांगले ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली रामनारायण गुप्ता खटल्यात आजाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते असे स्पष्ट केले आहे. पण भीतीने ग्रासलेल्या बाईला न्यायनिवाड्याचा दिलासा फार उशिरा मिळतो. तेव्हा उपाय केंद्रावरच हवा. माता व बाल संरक्षण कार्ड घरातले सगळे पाहतात, त्यावर या चाचणीचा एक आकडाही लिहिला जाऊ नये. नोंद वेगळ्या वहीत आणि कुलुपात राहावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तेविसाव्या कलमाने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, तो सिस्टरना आणि समुपदेशकांना समजावून सांगावा. त्याच कायद्याप्रमाणे आईला दाखल करावे लागले तरी तीन वर्षांखालचे मूल सहसा तिच्यापासून तोडायचे नसते. ‘सांगितले तर बाळ काढून घेतील’ या भीतीपायीच पुष्कळ जणी गप्प बसतात, म्हणून हेही आईला आधी सांगितले पाहिजे. आणि प्रश्न विचारताना सोबत आलेल्या सासूबाईंकडे किंवा नवऱ्याकडे बाळ द्यावे आणि आईला दोन खुर्च्या पलीकडे घ्यावे. सासूसमोर कोणतीही सून ‘मला भीती वाटते’ असे म्हणणार नाही.

चाचणीत जास्त गुण आले म्हणजे आजार ठरला असेही नाही. झोपमोडीने कोणीही चिडचिडी होते, म्हणून समुपदेशकाने पुन्हा बोलून खात्री करायची असते. आधी शरीर तपासले पाहिजे. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडले तर छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि त्यानेही धाप आणि धडधड होते. टीएसएच आणि हिमोग्लोबिन न पाहता भीतीचा शिक्का मारणे म्हणजे तिच्यावर अन्यायच. एडिंबराचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला ‘हो’ आले, तर बाकीचे गुण कितीही असोत, त्या बाईला एकटीने घरी जाऊ देऊ नये. रात्री-अपरात्री फोन करता यावा म्हणून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक आईला सांगावा, तो मोफत आहे आणि ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

खासगी प्रसूतिगृहे आपल्या कक्षेबाहेर नाहीत. शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्याखाली त्यांची नोंदणी आणि नूतनीकरण महानगरपालिकेचा आरोग्य विभागच करतो. डिस्चार्जच्या कागदांसोबत आईच्या मानसिक त्रासाविषयी मराठी आणि हिंदीतले एक पान आणि मदतीचे पत्ते द्यावेत, असे आपण त्यांना नूतनीकरणाच्या वेळी कळवू शकता. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांना बोलावून तेच तीन डोस, तेच दहा प्रश्न, हा परिपाठ खासगी दवाखान्यांतही लावता येईल.

सुरुवात सगळीकडे एकदम करू नये. प्रत्येक शहरात मोठ्या लसीकरणाची दोन-तीन केंद्रे निवडा, समुपदेशक नेमल्याशिवाय प्रश्न विचारायला सुरुवात करू नका, आणि सहा महिन्यांनी आकडे जाहीर करा. किती आयांना विचारले, किती जणींना मदतीची गरज दिसली, किती जणी समुपदेशकाकडे दुसऱ्यांदा आल्या आणि किती वाटेतच गळाल्या, एवढे चार आकडे पुरेत. गळालेल्यांचा आकडा मोठा निघण्याची शक्यता आहे. तरी तो छापा, कारण त्या बायका कुठे अडल्या हे त्यावरूनच शोधता येईल. पुढच्या अंदाजपत्रकात या समुपदेशकांसाठी आपण किती पदे आणि किती रक्कम धरणार आहात, याचे लेखी उत्तर आपल्याकडून जाहीरपणे मिळावे, ही विनंती.

कळावे,
ठाणे जिल्ह्यातील एक नागरिक